सतरा नंबरची दाढ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मनात येईल ते रोज लिहून काढा, प्रेशर उतरेल. म्हणून ही वही. फक्त माझ्यासाठी. ठेवायची जागा: टेबलाचा खालचा खण, प्लास्टरच्या जबड्यांखाली. ते जबडे बघून बायकोच्या अंगावर शहारे येतात, त्यामुळे ती तिकडे फिरकत नाही.

संकल्प: रोज जिना चढणे. मीठ कमी. कुणाचाही हेवा करायचा नाही. (हेवा करावा असं आसपास कुणी नाही, त्यामुळे हा सोपा आहे.)

संध्याकाळी ६

तिसरा संकल्प आजच्यापुरता स्थगित.

कॉन्फरन्स रूममध्ये फुंकरने मशीन दाखवलं. फुंकर हा माझ्याच हिरड्यांच्या विभागातला लेक्चरर, माझाच जुना विद्यार्थी. हे नाव मी आज ठेवलं. त्याच्या मशीनची नळी दातावर हवेची बारीक फुंकर मारते, बाजूने प्रकाशाचा किरण दातावर पडून परत येतो आणि दात किती हलला त्याचा आकडा स्क्रीनवर उमटतो. मायक्रॉनमध्ये. दाताला कुणाचा हात नाही, कशाचा स्पर्श नाही.

मी हेच कसं करतो? दाताच्या एका बाजूला आरशाच्या दांडीचं टोक, दुसऱ्या बाजूला माझं बोट. हळूच ढकलायचं. चांगला दातही केसभर हलतोच, कारण तो हाडात सिमेंटने बसवलेला नसतो, बारीक धाग्यांवर टांगलेला असतो. हिरडी बिघडली, हाड झिजलं, की जास्त हलतो. ग्रेड शून्य, एक, दोन, तीन. तीन म्हणजे काढून टाका. तीस वर्षं यावर जग चाललंय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सिस्टरनेसुद्धा. बावीस वर्षं ही बाई माझ्या खुर्चीशेजारी उभी आहे, माझ्या बोटासाठी तिने एकदाही टाळी वाजवलेली नाही. हातात ट्रे असतो हे खरं, पण ट्रे खाली ठेवता येतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फुंकरचा इतिहास लिहून ठेवतो. अकरा वर्षांपूर्वी बोटांच्या परीक्षेत मी त्याला दहापैकी चार दिले. बोटांची परीक्षा म्हणजे विद्यार्थ्याने दात हलवून ग्रेड सांगायची, मग मी सांगायची, आणि माझी बरोबर. बावीस वर्षं ही परीक्षा मी एकटा घेतो. त्या दिवशी त्याने विचारलं होतं की सर, दोन म्हणजे नक्की किती? मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभ्या उभ्या त्याने मशीन बनवलं असं दिसतंय.

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिने लागोपाठ तीन प्रश्न विचारले: दुखतं का, वेळ किती लागतो, कुणालाही करून देतात का. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझ्या बोटाबद्दल एक प्रश्न नाही. मी जळतोय. लिहून टाकलं. प्रेशर उतरल्यासारखं वाटत नाही.

मग म्हणाली, अहो, माझी खालची डावीकडची दाढ जरा बघा ना, गरम लागलं की कळ येते. मी म्हटलं, रविवारी बघू. घरात पाऊल टाकलं की मी डॉक्टर नसतो, हा माझा जुना नियम आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डीनबाईंनी बोलावलं होतं. मशीनची कसोटी घेणार, चाळीस पेशंटवर. मशीनची तुलना कशाशी, तर माझ्या बोटाशी. दुसरं कुणाचं बोट त्यांच्या डोळ्यांसमोर आलंच नाही. (त्या म्हणाल्या, सीनियर तुम्हीच आहात. अर्थ तोच.)

पद्धत अशी: प्रत्येक पेशंटचा एकच दात. आता एकदा तपासायचा, तीन महिन्यांनी पुन्हा. पेशंटच्या चेहऱ्यावर हिरवं कापड, त्याला तोंडापुरतं भोक. गळ्याखाली चादर. चपला-बूट बाहेर. पेशंटने बोलायचं नाही, दुखलं तर हातातली घंटी दाबायची. ग्रेड मी सांगायची, सिस्टरने लिहायची. मी स्वतः काही टिपून ठेवायचं नाही.

माझं बोट भरवशाचं ठरलं तर परीक्षा माझ्याकडे राहणार. नाही ठरलं तर पुढच्या वर्षीपासून परीक्षा मशीनवर, परीक्षक फुंकर. हे सांगताना डीनबाई चहा ढवळत होत्या. माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण मी बिस्किट घेतलं.

फुंकरने अकरा पानी नियमावली हातात दिली आणि म्हणाला, सर, सहावं पान आवर्जून वाचा. पहिलं पान वाचलं. बाकीच्याची गरज नाही. त्याची उत्तरपत्रिकासुद्धा पाल्हाळिक असायची.

९ फेब्रुवारी, रविवार

युक्ती सापडली. दाढी करताना सुचली.

माणसाचा चेहरा झाकता येतो, दात झाकता येत नाही. मी रस्त्यात माणसं विसरतो, पण तोंड उघडलं की ओळखतो. मागे बँकेत कॅशियर जांभई देईपर्यंत तो माझा पेशंट आहे हे मला कळलं नव्हतं. तेव्हा चाळीस तोंडं लक्षात ठेवायची, घरी येऊन या वहीत खूण आणि ग्रेड लिहायची, तीन महिन्यांनी पाठ करून जायचं आणि तीच ग्रेड पुन्हा सांगायची. चाळीसपैकी चाळीस.

टिपणाला बंदी विभागात आहे. ही वही घरी असते. म्हणजे नियम मोडत नाही.

बायकोने दाढेची आठवण केली. आज डोकं युक्तीने भरलेलं होतं. पुढच्या रविवारी नक्की.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २

जेवणाच्या सुट्टीत फुंकरच्या खोलीत कुणी नव्हतं. शत्रूची माहिती असावी म्हणून मशीनपुढे बसलो. आधी प्लास्टरचा जबडा ठेवला. आकडा शून्य. प्लास्टर हलत नाही हे मीही सांगितलं असतं, आणि वीज न जाळता.

मग माझा स्वतःचा पुढचा दात. पहिला आकडा साठ, दुसरा दोनशे दहा, तिसऱ्या वेळी मशीनने नुसतीच शिट्टी मारली. एकच दात, एकच माणूस, तीन उत्तरं. हा यांचा सेन्सर. मनातल्या मनात हसत होतो तेवढ्यात सिस्टर दारात. म्हणाली, सर, हनुवटी त्या पट्ट्यावर टेकायची असते, आणि हसायचं नसतं. तिला हे कसं माहीत? तिने स्वतःचा दात मोजून घेतलाय. पस्तीस आला म्हणे, आणि तो चांगला असतो म्हणे. बावीस वर्षं शेजारी उभी असून मला कधी दात दाखवला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.३०

पहिली फेरी. एक ते वीस. घरी आल्या आल्या लिहितोय, चहाही घेतला नाही. बायको घरात नव्हती, आत्ताच आली. मैत्रिणीकडे गेली होती म्हणे.

नंबर ३: पुढच्या दोन दातांत फट, पेन्सिल जाईल एवढी. ग्रेड १.
नंबर ८: सुळा तिरका, उद्धट. ग्रेड २.
नंबर ११: सिगारेटचे डाग. श्वास रोखून तपासलं. ग्रेड २.
नंबर १४: जीभ सारखी मध्ये येते, चौकस माणूस. ग्रेड ०.

नंबर १७ वर सविस्तर लिहायला हवं. बाई. खालची डावी दाढ. दाढेत जुनी चांदी, आणि चांदी काय सुंदर भरली आहे. कडा अजून जागच्या जागी. पंचवीस वर्षांपूर्वीचं काम असावं, पण हाताला तोड नाही. असे हात आता राहिले नाहीत. पण त्यानंतर या तोंडात कुणी डोकावलेलं नाही. हिरडी सुजलेली, लाल, हात लावला की रक्त. दोनदा घंटी वाजवली. इतकी वर्षं ही बाई काय करत होती? घरात सांगायला कुणी नाही का? नवरा असेल तर तो काय कामाचा?

पायांत पुरुषी करडे मोजे, एकाला अंगठ्याशी रफू. स्वतःची अजिबात काळजी नसलेली बाई.

खरं तर बोटाला दोन लागत होतं. पण इतक्या हलगर्जीपणाचा राग आला आणि मी खणखणीत आवाजात तीन सांगितलं. वर म्हटलं, काढून टाकण्याच्या लायकीची. घंटी तिसऱ्यांदा वाजली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

माझे करडे मोजे सापडत नाहीत. खोलीत एसी लावून ठेवतात, पाय गारठतात. बायकोला विचारलं तर म्हणाली, असतील कुठेतरी.

जेवताना तिने विचारलं, दाढ हलायला लागली की काढावीच लागते का? मी नीट समजावून सांगितलं. शून्य, एक, दोन, तीन. तिने विचारलं, तीन म्हणजे? मी म्हटलं, तीन म्हणजे विषय संपला. त्यावर ती गप्प. विषय पोचला की माणूस गप्प होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझं बोलणं मनावर घेतलं, बरं वाटलं.

ती हल्ली एकाच बाजूने चावते. सवय वाईट आहे, सांगायला हवं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उरलेले वीस झाले. सगळे वहीत उतरवले. नंबर ३३ चे दात इतके चांगले की त्याच्याबद्दलही थोडं जळफळायला झालं.

४ मार्च, मंगळवार

बायकोने छोटे छोटे ब्रश आणलेत, दोन दातांच्या मधे घालायचे. निळे, गुलाबी, पिवळे. शिवाय दोरा. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर दहा दहा मिनिटं. मधेच गुणगुणते. मी हे ब्रश तीस वर्षं पेशंटना सांगतोय, घरात आजवर एक दिसला नव्हता. हे कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणाली, ऐकलं कुठेतरी.

या वयात बाई आरशासमोर वीस मिनिटं उभी राहते, याचा अर्थ मला लावायचा नाही. संकल्प: अर्थ न लावणे.

११ मार्च, मंगळवार. दुपारी ३.१५

बायकोला फुंकरच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं. तो दार धरून उभा होता आणि ती हसत होती. तोंडावर हात न धरता. माझ्या विनोदाला ती नाकातून एक श्वास सोडते, तेवढंच.

खांबाआड उभा राहिलो. विद्यार्थी नमस्कार करून गेले.

घरी विचारलं. तुमचा डबा द्यायला आले होते, खोली चुकले, असं म्हणाली. डबा मी सकाळी स्वतः नेला होता आणि अकरा वाजता संपवलाही होता. पण हे तिला कुठे माहीत असणार. तेव्हा पटतं.

१२ मार्च, बुधवार. पहाटे ५.४०

पटत नाही. मंगळवारची मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेली, मीच सामान ट्रकमध्ये चढवायला गेलो होतो. पाठीत उसण भरली होती.

सकाळी ८

उलगडा झाला. ती माझ्यासाठी हेरगिरी करतेय. नवऱ्याची परीक्षा जाणार म्हणून तिचा जीव तुटतोय, तोंडाने बोलत नाही इतकंच. डोळ्यांत पाणी आलं. कामावर जाताना तिच्याकडे बघून अर्थपूर्ण मान हलवली. तिने विचारलं, मान आखडली का?

२५ मार्च, मंगळवार

फुंकर माझे पेशंट पळवतोय. दुपारी त्याच्या दात-सफाईच्या खोलीबाहेर बाकावर चारजण बसले होते. एकाने जांभई दिली: नंबर ११. सिगारेटचे डाग गायब. दुसरी हसली: नंबर ३. हे लोक माझ्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तिथे काय करतात? लोणी लावतोय त्यांना. आतून गप्पांचे आवाज येत होते. माझ्या खुर्चीवर तीस वर्षांत कुणी गप्पा मारलेल्या नाहीत. मी बोटं घातलेली असतात.

डीनबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, सहाव्या पानावर आहे ना सगळं. मी म्हटलं, आहेच. घरी नियमावली शोधली. डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारली होती. काढली असती तर कपाट हललं असतं.

१५ एप्रिल, मंगळवार

पाठांतर सुरू. रोज सकाळी हॉलमध्ये फेऱ्या मारत. तीन एक, आठ दोन, अकरा दोन, चौदा शून्य, सतरा तीन.

बायको इस्त्री करत होती. तिने विचारलं, सतरा नंबरला काय झालंय? मी म्हटलं, संपलेली केस, बाई निष्काळजी. तिने इस्त्री फिरवायची थांबवली आणि विचारलं, निष्काळजी कशावरून? मी म्हटलं, वेळेवर कुणाला दाखवलं असतं तर ही वेळ आली असती का? ती म्हणाली, दाखवलं असेल तिने. कुणी बघितलं नसेल.

मी म्हटलं, असा कोण डॉक्टर असतो? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. शर्टाला पिवळा डाग पडला.

२७ एप्रिल, रविवार

फुंकरला परिषदेचं आमंत्रण आलं. विमानाचं तिकीट, हॉटेल, गळ्यात नावाची पट्टी. मला मागे एका परिषदेत बोलावलं होतं, तिथे माझं भाषण आणि जेवणाची सुट्टी एकाच वेळी होती. मला फुंकरच्या विमानाचा हेवा वाटतो, पट्टीचा वाटतो, त्याच्या केसांचाही वाटतो.

बायको चहा देताना म्हणाली, त्याचा हात हलका आहे असं म्हणतात. कोण म्हणतं? लोक. मी म्हटलं, ज्याचं मशीन हातच लावत नाही त्याचा हात हलका की जड, हे लोकांना कळलं कसं? ती आत निघून गेली. जिंकलो, पण चहा गोड लागला नाही.

दाढेची आठवण तिने गेल्या कित्येक रविवारांत केलेली नाही. दुखायची थांबली असणार. काही गोष्टी बघू म्हटलं की आपोआप बऱ्या होतात.

२० मे, मंगळवार. संध्याकाळी ५.३०

दुसरी फेरी, एक ते वीस. एकही तोंड चुकलं नाही. कापडातून नुसते ओठ उघडले की नंबर डोळ्यांसमोर. डोक्यात वही उघडलेली होती.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बोट आज जरा विचित्र वागत होतं. नंबर ८ वहीत दोन आहे, हाताला एक लागला. ११ चंही तसंच. प्रेशरच्या नव्या गोळ्यांमुळे बोटं बधिर होत असावीत. म्हणून बोटाकडे कानाडोळा केला आणि वहीप्रमाणे सांगितलं. एवढी मेहनत वाया घालवायची नव्हती.

नंबर १७: तीच चांदी, तेच करडे मोजे. हिरडी गुलाबी दिसली, दिव्याचा दोष. दाढ ढकलली तर जेमतेम एक. पुन्हा ढकलली. एकच. रक्त नाही, घंटी नाही. मी खणखणीत आवाजात सांगितलं, नंबर सतरा, तीन. सिस्टर लिहायची थांबली आणि म्हणाली, सर, नक्की? बावीस वर्षांत तिने हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, माझा शब्द बदलत नसतो.

मी हात काढून घेतल्यावर घंटी वाजली. बराच वेळ वाजत राहिली. यांच्या घंट्याही बिघडलेल्या.

२२ मे, गुरुवार

बाकीचे वीस झाले. वहीप्रमाणे. हातमोजे काढताना बोटाकडे बघायचं टाळलं, का ते कळलं नाही.

४ जून, बुधवार

क्लार्ककडून आतली बातमी: माझ्या दोन्ही फेऱ्या तंतोतंत जुळल्या. चाळीसपैकी चाळीस. क्लार्क म्हणाला, असं कधी पाहिलं नाही. मीही नाही.

निकालाच्या सभेसाठी भाषण लिहायला घेतलं. विषय: यंत्र येईल, यंत्र जाईल. शेवटी फुंकरला मोठ्या मनाने जवळ बोलावून त्याची पाठ थोपटायची, इथे थोडं थांबायचं, टाळ्यांसाठी जागा. बायकोला म्हटलं, सभेला तू आलंच पाहिजेस, पहिल्या रांगेत. ती म्हणाली, येणारच होते.

१२ जून, गुरुवार. संध्याकाळी ७

निकाल.

फुंकर बोलायला उभा राहिला. सुरुवातीलाच माझं कौतुक. म्हणाला, पहिल्या फेरीत सरांचं बोट आणि मशीन चाळीसपैकी छत्तीस ठिकाणी जुळलं, इतकं चांगलं बोट मी पाहिलेलं नाही, मशीनच्या आकड्यांना ग्रेड लावताना मी सरांचंच बोट प्रमाण धरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनेही. हातात ट्रे नव्हता.

मी भाषणाचा कागद खिशातून काढला.

मग तो म्हणाला, सहाव्या पानावर लिहिल्याप्रमाणे मधल्या तीन महिन्यांत वीस पेशंटवर उपचार केले. दातांच्या मुळांची सफाई, घरी करायची निगा, दर मंगळवारी तपासणी. कुणावर केले हे सरांना सांगायचं नव्हतं. त्या विसांपैकी अठराजणांचे दात घट्ट झाले. मशीनवर आकडे उतरलेले दिसतात. सरांच्या ग्रेडमध्ये मात्र चाळीसपैकी एकातही फरक नाही.

डीनबाईंनी विचारलं, म्हणजे काय? त्याने आधी हातातले कागद नीट लावले. मग म्हणाला की बोट इतकं सारखं राहू शकत नाही. एवढंच. माझ्याकडे न बघता म्हणाला. मी त्याच्या जागी असतो तर बघून म्हटलं असतं.

उदाहरण म्हणून त्याने एक केस घेतली. नंबर १७. पहिल्या फेरीत सरांनी दाढ काढून टाकायला सांगितली, मशीनच्या आकड्याप्रमाणे ती वाचण्यासारखी होती. काढायची की ठेवायची ते पेशंटवर सोडलं. पेशंट म्हणाल्या, ही चांदी माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच वर्षी भरली होती, काढायची नाही. आज ती दाढ घट्ट आहे. पेशंट इथे आल्या आहेत, आणि आपली ओळख सांगायला त्यांची हरकत नाही.

शेजारी बायको उभी राहिली. मला वाटलं, घरी निघाली. मी तिला हळूच म्हटलं, थांब, माझं भाषण व्हायचंय.

१३ जून, शुक्रवार

परीक्षा फुंकरकडे गेली. डीनबाईंनी चहा ढवळत सांगितलं. बिस्किट घेतलं नाही.

सकाळी तिने टोस्ट खाल्ला, कडक भाजलेला. डाव्या बाजूने. आवाज स्वयंपाकघरभर. मला त्या टोस्टचासुद्धा हेवा वाटला.

बोटाचा विचार करतोय. बोट दोन म्हणालं, मी रागाने तीन सांगितलं. बोट एक म्हणालं, मी वहीकडे बघून तीन सांगितलं. दोन्ही वेळा बोट बरोबर होतं. या सगळ्यात फुंकरने माझ्या बोटावर विश्वास ठेवला, मशीनने ठेवला, फक्त मी ठेवला नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही.

संध्याकाळी तिला म्हटलं, दाढ दाखव बरं जरा. ती म्हणाली, रविवारी बघू.

१५ जून, रविवार. सकाळी १०

हात धुतले. दिवा खिडकीपाशी नेऊन ठेवला. आरसा खालच्या खणात असतो, म्हणून खण उघडला. प्लास्टरचे जबडे एका बाजूला नीट ओळीत लावलेले होते. मी कधी ओळीत लावत नाही. वही नीट मिटलेली नव्हती, मधे काहीतरी जाड होतं.

करडे मोजे सापडले. धुतलेले, घडी घातलेले, एकाला अंगठ्याशी रफू. १८ फेब्रुवारीच्या पानावर. ती रफू तिनेच मागे केली होती, हे आत्ता आठवलं.

त्या पानावर तिने काहीही लिहिलेलं नाही. मी दोन्ही बाजूंनी बघितलं. नवरा असेल तर तो काय कामाचा, हे माझं वाक्य तसंच आहे, तिने उत्तर दिलेलं नाही.

ती बाहेरून विचारतेय, येताय का, की पुढच्या रविवारी?

मोजे घातले. जातो.